सावरपाड्याची कविता आणि आपल्या घरातल्या मुली

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आता भाषण. पोटात मोदक गेल्यावर समोरच्या माणसाचं किती ऐकवतं, हे मला माहीत आहे. गेली कित्येक वर्षं मीही तुमच्यातच बसून डुलक्या काढल्या आहेत. म्हणून पाल्हाळ लावणार नाही. शिवाय मी काही व्याख्याता नाही आणि खेळाडूही नाही. पिपरियाच्या एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केल्या, आता निवृत्त आहे. रोज पहाटे नदीच्या बाजूला फिरायला जातो आणि पेपरातलं शेवटचं पान आधी वाचतो, एवढीच माझी क्रीडाक्षेत्राशी ओळख. पण अध्यक्षांनी "यंदा विषय तुम्हीच निवडा" म्हटलं, तेव्हा एक नाव लगेच मनात आलं. ते नाव कविता राऊत.

आपल्यातले निम्मे लोक नाशिक, धुळे, जळगावकडून इथे आले. गावी जाताना आपण जव्हार-मोखाड्याच्या बाजूचे डोंगर पाहतो, घाट लागला की पिशवीतून लिंबू काढतो. नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलजवळ सावरपाडा नावाचा एक आदिवासी पाडा आहे. कविता तिथली. आपल्या पुलाखालून वाहणारी दमणगंगाही नाशिक जिल्ह्याच्या डोंगरातूनच निघते. म्हणजे मी आज तुम्हाला दूरदेशीची गोष्ट सांगत नाही. सरकारी नकाशावर मधे राज्याची सीमा आहे, पण कोकणा आणि वारली माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात, नागलीची भाकरी दोन्हीकडे खातात आणि पावसाळ्यात दोन्हीकडच्या पोरी सारख्याच चिखलातून शाळेला जातात.

कविताचा जन्म १९८५ सालचा. लहानपणी ती अनवाणी धावायची. धावणंच का निवडलं, याचं तिने दिलेलं कारण अगदी साधं आहे. धावायला काही विकत घ्यावं लागत नाही. बॅट नको, रॅकेट नको, बूटसुद्धा नसले तरी चालतं. आपल्याकडे पालक मुलाला कुठल्या खेळात घालायचं यावर महिनाभर चर्चा करतात. तिच्या घरी ही चर्चा एका वाक्यात संपली असणार.

पुढे ती नाशिकला आली आणि विजेंदर सिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली सराव करू लागली. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटे हा सराव चाले. नाशिकची मंडळी इथे बसली आहेत, त्यांनी ते मैदान पाहिलं असेल. एका अर्थाने आज नाशिकला लांब पल्ल्याच्या धावपटूंचं गाव म्हणतात, त्याची सुरुवात तिथे झाली.

आता जरा २०१० सालात जाऊ. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा होत्या. त्या स्पर्धांबद्दल आपल्याला काय आठवतं? घोटाळे, पडलेला पूल, पेपरातले मथळे. त्या गडबडीत ८ ऑक्टोबरला महिलांची १०,००० मीटरची शर्यत झाली. ४०० मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. कविताने ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत त्या पुऱ्या केल्या आणि केनियाच्या दोघींच्या मागे तिसरी आली. कांस्यपदक.

तिसरी आली, त्यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. तर ऐका. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला याआधीचं पदक मिळालं होतं १९५८ मध्ये, कार्डिफला, मिल्खा सिंगांना. मधे बावन्न वर्षं गेली. आणि वैयक्तिक शर्यतीत भारताच्या कुठल्याही मुलीला तिथे त्याआधी पदक मिळालंच नव्हतं. ते पहिलं पदक हरसूलजवळच्या पाड्यावर गेलं. पेपरवाल्यांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटलं. वास्तविक सावरपाड्याजवळून कुठलीच एक्स्प्रेस जात नाही, पण नाव बसलं.

मी थोडा हिशेब केला. कारखान्यात आकड्यांशी काम होतं, ती सवय गेलेली नाही. ३३ मिनिटं ५ सेकंदांना पंचवीसने भागलं तर एका फेरीला साधारण ७९ सेकंद येतात. घड्याळ लावून कधी ४०० मीटर ७९ सेकंदांत धावून बघा. तरुण मुलांनी तर उद्याच बघा. एक फेरी होईल. दुसरीला दम लागेल. तिसरीला माझ्यासारख्याला रुग्णवाहिका लागेल. तिने तशा पंचवीस केल्या.

आणि त्यानंतर जेमतेम दीड महिन्यात चीनमध्ये ग्वांगझू इथे आशियाई स्पर्धा झाल्या. तीच शर्यत, त्याच पंचवीस फेऱ्या. या वेळी कविताची वेळ ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. दिल्लीपेक्षा सव्वा मिनिटाच्या आसपास कमी! फेरीमागे तीन सेकंद. तिच्या पुढे एकच जण होती, तीही आपलीच, केरळची प्रीजा श्रीधरन. दोघींमध्ये एका सेकंदापेक्षाही कमी अंतर. दहा किलोमीटर धावून एक सेकंदसुद्धा नाही! प्रीजाला सुवर्ण, कविताला रौप्य. त्याच स्पर्धेत ५,००० मीटरमध्येही प्रीजा दुसरी आणि कविता तिसरी आली.

२०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. अर्धमॅरेथॉनमध्ये तिने १ तास १२ मिनिटं ५० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अर्धमॅरेथॉन म्हणजे किती? आपल्या इथून खानवेलपर्यंत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढं. गाडीने जायचं तर आपण अर्धा तास धरतो. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचं सुवर्ण मिळवलं, २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत, आणि त्यावर रिओ ऑलिम्पिकचं दार उघडलं. रिओत मात्र ती १२०वी आली, जवळजवळ तीन तास लागले. हेही मी मुद्दाम सांगतोय. सत्काराच्या भाषणात हा आकडा कुणी घेत नाही. पण बेचाळीस किलोमीटर धावून, आज आपला दिवस नाही हे कळल्यावरही शेवटची रेघ ओलांडणं, यालाही मी कारकीर्दच म्हणतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

कविताचं नाव निघालं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, आदिवासी मुली त्या, त्यांच्या अंगातच असतं." मीही हे वाक्य बोललो आहे, अनेकदा बोललो आहे. कौतुकाच्या सुरात बोलतो आपण. पण नीट पाहिलं तर हे वाक्य आपली सोय करून देतं. त्यांच्या अंगात असतं, म्हणजे त्यांच्यासाठी काही करायची गरज नाही. आणि आपल्या मुलींच्या अंगात नसतं, म्हणजे त्यांच्यासाठीही काही करायची गरज नाही. एका वाक्यात दोन्हीकडून सुटका!

अंगातच असतं, तर मग या सगळ्या डोंगरपट्ट्यातून पन्नास कविता का नाही निघाल्या? डोंगर तेच आहेत, पाण्याच्या हंड्याचं ओझं तेच आहे, अनवाणी पायही तेच आहेत. फरक एवढाच, की एका मुलीच्या बाबतीत पहाटे घरातून बाहेर पडू देणारे आईवडील, रोज मैदानावर हजर असणारा शिक्षक, राहायला जागा, पोटभर जेवण, पुढे बूट आणि त्याही पुढे नोकरी, असं सगळं एकामागून एक जुळत गेलं. यातली एक कडी तुटली असती, तर ती आज कुणाच्या तरी शेतात भात लावत असती आणि आपल्याला तिचं नावही माहीत नसतं. भात लावणं कमीपणाचं नाही. पण ज्या मुलीच्या पायात पंचवीस फेऱ्या होत्या, तिला त्या कधी कळल्याच नसत्या.

बायकांच्या धावण्याचा इतिहास पाहिला तर 'अंगात नसतं' हे वाक्य किती जुनं आहे ते कळतं. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. मुली दमून बसल्या, म्हणून पेपरांनी तिखटमीठ लावून लिहिलं आणि ती शर्यतच बंद केली. पुन्हा सुरू झाली थेट १९६० मध्ये. धावून पुरुषही दमतात, जमिनीवर लोळतात, पण त्यांची शर्यत कुणी बंद केली नाही. महिलांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली १९८४ ला आणि १०,००० मीटर आली १९८८ ला. म्हणजे कविता जन्मली तेव्हा जिच्यात तिला पुढे पदक मिळालं, ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी नव्हतीच. ती बालवाडीच्या वयाची झाली तोवर जगाला बायका एवढं धावू शकतात हे पटलं.

जगाला पटायला वेळ लागला, हे ठीक. मला किती वेळ लागला, ते आता सांगतो.

माझी मुलगी इथेच शाळेत शिकली. आठवीत असताना आंतरशालेय स्पर्धेत १,५०० मीटरला पहिली आली. नववीतही आली. घरी दोन ढाली आहेत, अजून आहेत, शोकेसमध्ये मागे. तिच्या सरांनी मला बोलावून सांगितलं, "साहेब, हिला सोडू नका, सकाळी मैदानावर पाठवा." मी मान डोलावली आणि घरी येऊन तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी दहावी आहे, आता हे पुरे." क्लास सकाळी सहाला होता, मैदानही सकाळी सहाला होतं. मी क्लास निवडला. तिने काही वाद घातला नाही. बूट कॉटखाली सरकवले. माझी चूक मला तेव्हा दिसली नाही. उलट पोरगी समजूतदार आहे, असं मी चार जणांना सांगत राहिलो.

ती आता पुण्यात असते, चांगल्या नोकरीत आहे, दोन लेकरांची आई आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मोबाईलवर एक फोटो पाठवला. गळ्यात पदक, कुठल्याशा दहा किलोमीटरच्या शर्यतीत शेवटपर्यंत धावली म्हणून सगळ्यांना देतात ते. खाली लिहिलं होतं, "बाबा, पुरी केली." एवढंच. मी तो फोटो हिला दाखवला. ही म्हणाली, "तुम्हाला कळलं ना ती काय म्हणतेय?" कळलं. वीस वर्षांनी कळलं.

ती काही कविता राऊत झाली असती, असं मी म्हणत नाही. बहुतेक झाली नसती. पण किती धावली असती ते तिचं तिने शोधायला हवं होतं. ते मी परस्पर ठरवून टाकलं.

इथे बसलेल्या तरुण आईवडिलांना म्हणून दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. या मी जाणकारांना विचारून, वाचून गोळा केल्या आहेत.

पहिली गोष्ट. बारा-तेरा ते पंधरा-सोळा या वयात मुलीचं शरीर बदलतं आणि पुष्कळ मुलींचा वेग तेव्हा काही काळ थांबतो, कधी कमीही होतो. घरच्यांना वाटतं, झालं, हिचा जोर संपला. तो संपलेला नसतो. शरीर नव्याने जुळवून घेत असतं. धीर धरला तर वेग परत येतो. नेमक्या त्याच वयात आपण दहावीचं कारण काढून थांबवतो.

दुसरी गोष्ट. धावणाऱ्या मुलीला खायला जास्त लागतं. बारीक राहा म्हणून तिचं जेवण तोडू नका. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की पाळी अनियमित होते, बंदही पडते, हाडं कमजोर होतात, पायाच्या हाडांना बारीक चिरा जातात. पाळी चुकली तर लाजून गप्प न बसता डॉक्टरांना दाखवायचं. रक्तातलं लोह तपासून घ्यायचं. आपल्याकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, म्हणून इथल्या मुलींची ती तपासणीही जोरदार सरावाआधी झालेली बरी. आणि नागली, कडधान्यं, पालेभाजी, शेंगदाणा-गूळ हे आपल्या आजीचं खाणं धावणाऱ्या मुलीच्याही उपयोगाचं आहे, डबे भरून पावडरी आणायची घाई नको.

तिसरी गोष्ट फार साधी. मैदानाजवळ कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छ संडास नसेल तर मुली येत नाहीत. आपण म्हणतो मुलींना आवड नाही. आवड असते, कडी लागणारा दरवाजा नसतो.

कुणी म्हणेल, धावून पुढे काय? तर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर बघा. माण म्हणजे दुष्काळी मुलुख, तुम्हाला ठाऊक आहे. ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची ती शर्यत. रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत गेली. १९८४ मध्ये पी. टी. उषा गेली होती, त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलेली ही पहिली भारतीय महिला. अंतिम शर्यतीत ती दहावी आली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात ती अधिकारी झाली. आणि नाशिकमध्ये कविताच्या पाठोपाठ मुलींची रांग लागली. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एक मुलगी पुढे गेली की मागच्या मुलींच्या आईवडिलांना "हो" म्हणायला सोपं जातं. कविताने केलेलं सगळ्यात मोठं काम कदाचित हेच असेल.

आता शेवट करतो, कारण मागे बसलेली मुलं चुळबुळ करायला लागली आहेत.

आपल्या मंडळाचे खेळ दरवर्षी होतात. मुलांसाठी धावण्याची शर्यत असते. मुली आणि महिलांसाठी काय असतं? लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. मजा येते, मीही टाळ्या वाजवतो. पण इतक्या वर्षांत आपण मुलींसाठी एक लांब पल्ल्याची शर्यत ठेवली नाही. यंदा ठेवू या. तीन किलोमीटरची, पहाटेची. आणि ती फक्त मंडळाच्या सभासदांच्या मुलींपुरती नको. खानवेलच्या रस्त्याला सकाळी दप्तरं घेऊन झपझप चालणाऱ्या ज्या मुली आपल्याला गाडीच्या काचेतून दिसतात, त्यांच्या शाळांना आणि वसतिगृहांना आपण जाऊन आमंत्रण द्यायचं. त्यांना न्यायला-आणायला गाडी द्यायची, धावून झाल्यावर पोटभर नाश्ता द्यायचा. बक्षीस म्हणून ढाल नको. बूट द्यायचे, मापाचे, आधी पाय मोजून. ढाल शोकेसमध्ये जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

१९५४ साली हा मुलुख मुक्त करायला जी मंडळी आली, त्यांत मराठी माणसं होती, सुधीर फडक्यांसारखा गायकही होता. त्यांचं ऋण आपण दर २ ऑगस्टला भाषणात मानतो. नंतर आपण इथे नोकरीला आलो, घरं बांधली, इथलेच झालो. ज्या मातीने आपल्याला सांभाळलं, तिथल्या मुलींना पहाटेचं एक मैदान आपण देऊ शकतो. त्याला फार पैसा लागत नाही. दोन-तीन कार्यकर्ते, एक शिट्टी, एक घड्याळ आणि सहाच्या आत उठण्याची तयारी. मी उठतोच, माझं नाव पहिलं लिहा.

आणि या सभागृहातल्या ज्या घरात नववीतली मुलगी आहे, त्या आईवडिलांना हात जोडून एकच विनंती. क्लास सातला करून मागा. क्लासवाले ऐकतात, मी विचारलं नव्हतं एवढंच.

गणपती बाप्पा मोरया!